रंकाळा: संध्यामठापर्यंत कोरड्या पायाने जाता येतं का?

मंडळी, मदत हवी आहे. कोल्हापूरच्या रंकाळा तलावातला संध्यामठ (जुनी दगडी वास्तू) अगदी जवळून बघायचाय. पावसाळ्यात तो बराचसा पाण्यात असतो, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दगडी खांब उघडे पडतात, एवढं माहीत आहे. डिसेंबरात जाऊन बघितलं: खांब पाण्यात, काठाला काळा गाळ, चप्पल टाचेपर्यंत रुतली.

आता पुढच्या रविवारी पहाटे येतोय, पक्ष्यांसाठी ८ बाय ४२ ची दुर्बीण घेऊन. तलावाकाठचा शालिनी पॅलेस (१९३१-३४ मध्ये बांधलेला) बाहेरूनच पुरे. बोटिंग नको. सोबत सत्तरीचे काका आहेत. पायऱ्या चढतात, चिखल झेपत नाही. (चौपाटीवरची भेळ संध्याकाळी, ती सुटणार नाही.)

सध्या पाणी कितपत उतरलंय, आणि मठाकडे कुठल्या बाजूने उतरलं तर पाय रुतणार नाही?