‘बॅगला किती कट्टे?’ यावर सोयाबीनचं वाण ठरवायचं का?

शिवार_लातूर:
दिवाळी आली की गावात एकच चौकशी, "तुझं बॅगला किती झालं?" म्हणजे बियाण्याच्या एका बॅगेमागं मालाचे किती कट्टे, पोती निघाली. कुणी दहा-अकरा कट्टे सांगितले की पुढच्या खरिपात अर्धं गाव त्या वाणामागं. माझं म्हणणं, या मापानं वाण जोखताच येत नाही. समजा, बॅग ३० किलोची. ट्रॅक्टरनं पेरली तर एकरात संपते, टोकण केली, म्हणजे हातानं दाणे लावले, तर तीच दोन एकर पुरते. मग टोकणवाल्याचा ‘बॅगला’ उतारा जास्त दिसणारच, त्यात वाणाचं काय कर्तृत्व? फुले संगम या वाणाचा दाणा टपोरा, म्हणजे त्याच वजनात दाणेच कमी. वाण बघायचंच असेल तर एकाच वावरात, एकाच दिवशी, शेजारीशेजारी पट्टे पेरा आणि एकराचं वजन धरा. तेही दोन-तीन खरीप.

मन्याडकाठ:
दोन एकरवाल्यानं प्रयोग करायचे, मग परभणीचं कृषी विद्यापीठ कशाला? वाण प्रसारित व्हायच्या आधी वर्षानुवर्षं चाचण्या होतात ना? आणि बॅगेला पैसे मोजतो मी, हिशोबही बॅगेवरच करणार. शिवाय पेरणीच्या घाईत पेटी रिकामी करून दुसरं बी भरायला कोणता ट्रॅक्टरवाला थांबतो? वाफसा निघून जातो राव.

शिवार_लातूर:
भाऊ, चाचण्या होतात, नाकारत नाही. पण सोयाबीनच्या चाचण्यांत मराठवाडा ‘मध्य विभागात’ धरतात, मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरातच्या जोडीला. तिथली सरासरी माळावरच्या मुरमाला आणि मांजराकाठच्या काळीला सारखीच कशी लागू पडेल? फुले संगम कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं, सांगलीकडचं. भारी जमिनीत आमच्याकडंही देतं, हलक्या रानात मात्र मला भरवसा वाटत नाही.

कळंबची_लेक:
तुम्ही दोघंही वजनकाट्यावरच अडलात. आमच्याकडं कापणीला माणसं मिळेस्तोवर शेंगा तडकून निम्मा माल रानातच सांडतो. परभणीचं एमएयूएस १५८ वाण पिकल्यावरही काही दिवस तडकत नाही, १६२ च्या शेंगा जमिनीपासून उंच म्हणून हार्वेस्टरला बरं. चार कट्टे कमी का येईनात, घरात येतात. आणि एका वर्षाचं म्हणाल तर, ऑगस्ट २०२३ मध्ये पाऊस गायब होता, आमचं उशिराचं वाण ऐन शेंगा भरायच्या वेळी वाळलं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत उलटं, लवकर आलेलं पाण्यात कुजलं. यातलं चांगलं कोणतं म्हणायचं?

मन्याडकाठ:
ताई, तेच म्हणतोय! दरसाली निकाल बदलतो तर वावरातली चाचणी कोणत्या कामाची?

कळंबची_लेक:
कोणतं वाण कशानं मार खातं ते कळतं की. मग सगळं रान एकाच वाणाखाली घालणार नाही माणूस.

बीजप्रक्रिया:
मधेच बोलतो. एका बॅगेची उगवण ८५ टक्के आणि दुसरीची ६०, तर तुम्ही वाणाची नाही, बियाण्याची परीक्षा घेताय. बाद वाण म्हणून बदनाम झालेलं बरंचसं बी मुळात नुसतं मार लागलेलं असतं. सोयाबीनचं टरफल नाजूक, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा थप्पीवरून बॅग आदळली की अंकुर गेला. गोणपाटात शंभर दाणे घालून आधी उगवण मोजा, किमान ७० हवी. कमी असेल तर त्या मानानं बी वाढवा, नाहीतर तुलना सोडा.

शिवार_लातूर:
एकदम बरोबर. आणि ट्रॅक्टरचं उत्तर आहे. पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या पेटीत मधोमध फळी घट्ट बसवा, एका अंगाला एक वाण, दुसऱ्या अंगाला दुसरं. ट्रॅक्टर जाता-येता पट्टे आपोआप आलटूनपालटून पडतात, थांबायची गरजच नाही. खत, फवारणी, कोळपणी सगळं सारखं. फक्त दोन्ही वाणांचा दाणा लहानमोठा असतो, म्हणून कोणत्या अंगानं किती बी पडतंय ते आधी तपासून घ्या.

मन्याडकाठ:
फळीचं पटलं. पण गुत्त्यानं कापणारी टोळी एकच गंजी लावते. दोन लावा म्हटलं की जास्तीचे पैसे मागतात. ते कोण देणार?

शिवार_लातूर:
सगळं वावर वेगळं कापायची गरज नाही. बांधालगतची तासं, म्हणजे ओळी, सोडा, दर पट्ट्यातली मधली चार तासं सारख्या लांबीची मोजून घरच्यांनी आधी कापा, सारखीच वाळवा, मग तोला. टोळीला उरलेलं.