एसीएल, एमसीएल आणि अडकलेली गादी: ऑपरेशन आताच की सूज उतरल्यावर?

पायवाट
धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २४, फुटबॉल खेळतो. पाय रोवून वळताना गुडघ्याला दुखापत झाली, आज अकरावा दिवस. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या मधोमध हाडं जोडून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण फाटलंय, एमसीएल (आतल्या बाजूचं लिगामेंट) ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटलेलं, आतल्या बाजूच्या मेनिस्कसला (गुडघ्यातल्या गादीला) बकेट हँडल टेअर म्हणजे बादलीच्या कडीसारखा उलटू शकणारा लांब फाटा, बाहेरच्या बाजूच्या हाडांत बोन ब्रूज (हाडाला आतून मुका मार). गुडघा शेवटचे १५ अंश सरळ होत नाही, वाकतो ७० पर्यंत. एक सर्जन म्हणतात याच आठवड्यात करू, दुसरे म्हणतात सूज जाईपर्यंत थांबा. ग्राफ्टवरही (नवीन एसीएल बनवायला घ्यायच्या स्नायुबंधावरही) एकमत नाही, एकांनी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा) सांगितलं तर दुसऱ्यांनी गुडघ्याच्या वाटीखालचा. तारीख ठरवण्याआधी काय विचारून घ्यावं?

दुर्बीण
घोडं त्या १५ अंशांवर अडलंय. गुडघा सरळ न होण्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक म्हणजे गादीचा फाटलेला तुकडा उलटून सांध्याच्या मध्ये येऊन बसलाय, दारात पाचर अडकावी तसा. दुसरं म्हणजे सूज, दुखणं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं आखडणं. कधी तुटलेल्या एसीएलचं टोकच पुढे येऊन आड येतं. पहिल्या प्रकारात रोज व्यायाम केला तरी सरळ होण्याचा कोन हलत नाही आणि शेवटी स्प्रिंगसारखा अडथळा लागतो. दुसऱ्यात दर दोन-तीन दिवसांनी थोडा फरक पडतो.

सर्जनना थेट विचारा: "तुकडा सरकलेला आहे का, आणि एमआरआयवर तो कुठे दिसतोय?" मध्यभागी पीसीएलसमोर (एसीएलच्या मागच्या लिगामेंटसमोर) दुसरी पीसीएल असल्यासारखी काळी पट्टी दिसत असेल तर तुकडा तिथेच आहे. मग सूज पूर्ण जाण्याची वाट पाहत महिना-दीड महिना घालवू नये. अडकलेली गादी चिरडत जाते आणि शिवण्याजोगी राहत नाही.

तुकडा जागेवर असेल तर मात्र दुसऱ्या सर्जनचं म्हणणं बरोबर. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यात नवीन एसीएल बसवलं तर आत चिकटून घट्ट व्रण धरतो आणि गुडघा ना पूर्ण वाकत ना पूर्ण सरळ होत. तो मोकळा करायला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं.

मांडीचा_घाट
वरच्यात भर. तारीख कॅलेंडरने नाही, गुडघ्याने ठरवायची. साधारण ३ ते ६ आठवडे लागतात, पण कसोटी अशी: दुसऱ्या पायाइतका सरळ होतो, १२० च्या आसपास वाकतो, सूज अगदी थोडी उरलीये, आणि पाय सरळ ठेवून उचलला तर गुडघा किंचितही खाली लोंबत नाही. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. सांध्यात पाणी असेपर्यंत मेंदू क्वाड्सना (मांडीच्या पुढच्या स्नायूंना) पूर्ण जोर लावू देत नाही, म्हणून मांडी दिसायला ठीक असली तरी जोर लागत नाही.

व्यायाम: टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्याखाली काही नाही, १० मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा. मांडी घट्ट करून ५ सेकंद धरायची, १० वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. टाच सरकवत वाकवणं दुखण्याच्या हद्दीत. बर्फ कापडातून, १५-२० मिनिटं. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो.

मात्र सर्जननी "तुकडा अडकलाय" म्हटलं तर जोर लावून सरळ करायचा प्रयत्न बंद. पाचर असताना दार दाबलं तर बिजागरी जाते.

लंगडीपटू
घाई कशाला? २०१० मध्ये स्वीडनची एक चाचणी आली होती. तरुण, खेळकर १२१ जण. ज्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन असं दिलं, त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना ५ वर्षांत एसीएल करावंच लागलं नाही.

दुर्बीण
चाचणी खरी, पण तिचा निष्कर्ष अडकून बसलेल्या गुडघ्याला लावू नका. इथे आधी गादीचा प्रश्न आहे. आणि गादी शिवून गुडघा एसीएलशिवाय सैलच ठेवला तर ती शिवण पुन्हा उसवायची शक्यता वाढते. म्हणून दोन मार्ग विचारून घ्या: एकाच वेळी दोन्ही, की आधी गादी शिवून, गुडघा मोकळा झाल्यावर काही आठवड्यांनी एसीएल. पहिल्यात भूल एकदाच लागते, आणि हाडात बोगदे पाडताना आत येणारं रक्त गादी सांधायलाही मदत करतं. पण आखडण्याचा धोका जास्त. दुसऱ्यात दोनदा टेबलावर जावं लागतं.

एमसीएल ग्रेड २ ला बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. बिजागरीच्या ब्रेसमध्ये ४ ते ६ आठवड्यांत भरतं.

ग्राफ्टचं: मांडीच्या मागचे दोन स्नायुबंध गुडघ्याच्या आतल्या बाजूला आधार देतात. तिथेच एमसीएल दुखावलेलं असताना तेच काढून घेणं अनेकांना पटत नाही. शिवाय दुमडून तयार केलेला हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट ८ मिमीपेक्षा बारीक निघाला तर तुटण्याचा धोका वाढतो, आणि जाडी काढल्यावरच कळते. तेव्हा काय करणार, हे आधी ठरलेलं असावं. वाटीखालची मधली साधारण १० मिमी पट्टी दोन्ही टोकांच्या हाडासकट काढतात; हाडाला हाड लवकर जुळतं. त्याची किंमत म्हणजे गुडघ्यावर टेकून बसताना पुढे दुखणं. तिसरा पर्याय क्वाड्सच्या स्नायुबंधाचा. दात्याचा ग्राफ्ट या वयात, या खेळासाठी टाळलेला बरा.

बाजूच्या एक्स-रेवर टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) मागचा उतारही मोजायला सांगा. १२ अंशांच्या वर असेल तर नवीन एसीएलवर सतत ताण येतो. अशा गुडघ्यात किंवा तरुण खेळाडूत हॅमस्ट्रिंगच घ्यायचं ठरलं, तर बाहेरच्या बाजूला आधारासाठी जादा पट्टी बांधावी का, हा प्रश्न रास्त आहे.

पायवाट
आभार. गादीबद्दल सर्जन "शिवू किंवा काढू, आत गेल्यावर कळेल" असं म्हणाले आहेत. याने नंतर फरक पडतो का?

मांडीचा_घाट
खूप. काढली तर बहुधा काही दिवसांतच पूर्ण वजन टाकता येतं, पण झीज लवकर सुरू होण्याचा धोका राहतो. शिवली तर साधारण ४-६ आठवडे ९० च्या पुढे वाकवणं बंद, वजन सर्जन सांगतील तेवढंच, तेही ब्रेस सरळ लॉक करून. उकिडवं बसणं सुमारे ४ महिने नाही. मागच्या स्नायूंचे वजनी व्यायामही सुरुवातीला नाहीत. त्यातला एक स्नायू आतल्या गादीच्या मागच्या भागाला ओढतो. म्हणून भूल उतरल्यावर नेमकं काय केलं, वाकवायची मर्यादा किती आणि वजन किती, हे कागदावर लिहून घ्या. डिस्चार्जच्या छापील तक्त्यात फक्त "एसीएल" लिहिलेलं असतं आणि फिजिओ तेच पाळतो.

६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान दुखणं जातं, पण ग्राफ्ट तेव्हाच सगळ्यात कच्चा असतो. फुटबॉल ९ महिन्यांच्या आधी नाही, आणि क्वाड्सचा जोर दुसऱ्या पायाच्या ९० टक्के झाल्याशिवाय तेव्हाही नाही.

दुर्बीण
पोटरी दुखून सुजली, दम लागला, ताप आला किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. आणि दोन-तीन महिन्यांनी, आधी सरळ होणारा गुडघा पुन्हा शेवटचे काही अंश अडू लागला, कट्ट आवाज येऊ लागला, तर ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ झालेली असू शकते. ती व्यायामाने जात नाही, दुर्बिणीतून काढावी लागते.