गाल बसलेत, फिलर्स करून घ्यावेत का?

अनघा_डोंबिवली
वय ५७, मुलीचं लग्न डिसेंबरात. गेल्या दोनेक वर्षांत चेहरा असा उतरलाय की स्टाफरूममध्ये कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "मॅडम, बरं नाहीये का?" अहो, मला धाड भरलेली नाही. शुगर आहे, पण गोळ्या चालू आहेत आणि तीन महिन्यांची सरासरी साताच्या आत असते. वजन मी मुद्दाम उतरवलंय. कमरेवरून जावं म्हणून चालायला लागले, तर ते आधी गालांवरून गेलं.

सुरकुत्यांचं मला फारसं काही नाही. पण गालाच्या हाडाखाली खळगा पडलाय, डावीकडे जरा जास्तच. डोळ्याखालून एक चर तिरका गालावर उतरतो आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मांस लोंबायला लागलंय. लिफ्टमध्ये वरून लाइट पडतो, तेव्हा आरशाकडे पाठ करून उभी राहते.

स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर म्हणून बसलेल्या मुलीने माझ्याकडे एकदा बघून ४ सिरिंज सांगितल्या, एकीचे २८ हजार, आणि "आज बुकिंग केलंत तर पाचवी निम्म्या किमतीत". दसऱ्याच्या साडी सेलसारखं!

बोटॉक्स आणि हे एकच का? टिकतं किती? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तर हे प्राण्यांपासून करतात का? (हा प्रश्न सासूबाईंचा नाही, माझाच आहे.) ह्यांना विचारलं तर "आहेस ती छान आहेस" म्हणाले आणि पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

पेठकर_६२
नसते उद्योग. वयाप्रमाणे दिसावं माणसानं. तूप खा चमचाभर जास्त.

अनघा_डोंबिवली
काका, केसांना मेंदी लावता का हो? लावत असाल तर तूप तुम्हीच खा.

सिस्टर_मिरज
अनघाताई, प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत आणि ओटीत माझी नोकरी गेली, आता रिटायर आहे. मी डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

बोटॉक्स वेगळं. ते स्नायू सैल पाडतं, म्हणून कपाळाच्या आणि भुवयांमधल्या आठ्यांना वापरतात. खळगा भरणं त्याचं काम नव्हे. फिलर म्हणजे जेल, बहुतेक वेळा ह्यालुरॉनिक ॲसिडचं. आपल्या कातडीत, सांध्यांत ते असतंच. १९३४ मध्ये पहिल्यांदा वेगळं केलं ते गाईच्या डोळ्यातून, पण आता कारखान्यात जिवाणू वाढवून त्यापासून मिळवतात. त्यामुळे तुमच्या शाकाहाराला धक्का नाही. त्याच्या आधी गाईच्या कातडीतल्या कोलॅजनची इंजेक्शनं होती, अमेरिकेत १९८१ ला मंजूर झालेली. ती देण्याआधी हातावर ॲलर्जीची टेस्ट करून आठवडेच्या आठवडे थांबावं लागायचं.

आता चेहरा का बसतो, ते ऐका. गालाची चरबी म्हणजे सलग एक थर नसतो, तिचे कप्पे असतात. खोलवरचे कप्पे आटले की वरच्या भागाचा टेकू जातो. त्यात हाडही झिजतं. डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो. म्हणून हात बसलेला डॉक्टर नाकाशेजारच्या घडीत जेल कोंबत नाही. गालाच्या हाडालगत खोल, थोडंसं ठेवतो आणि खालची घडी आपोआप हलकी दिसते. घडीच भरत बसलं तर तोंड सुजल्यासारखं होतं, तसले चेहरे टीव्हीवर रोज दिसतात. एका सिरिंजमध्ये १ मिली असतं. चार मिळून चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही, त्यामुळे आकड्याला घाबरू नका. पण चेहऱ्याला हात न लावता, हसायला न सांगता आकडा ठरवला ना, त्याला घाबरा. आमचे सर पेशंटला बसवून पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करायचे, कारण आडवं झालं की गाल कानाकडे सरकतात आणि खळगा दिसेनासा होतो.

लोंबणाऱ्या मांसाचं खरं सांगते. गालाला आधार मिळाला तर ते थोडं कमी दिसेल, बस. कातडी जास्तीची झाली असेल तर ते ऑपरेशनचं काम, आणि तेच खेचायला सिरिंजवर सिरिंज ओतायला गेलात तर चेहरा चौकोनी होतो.

धोका. जेल रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरीफटक पडते, मग जाळीदार जांभळी, आणि बहुतेक वेळा दुखतंही जबर. नाकाजवळच्या आणि भुवयांमधल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात, म्हणून नजर गेल्याच्याही केसेस नोंदलेल्या आहेत. क्वचित होतं, पण होतं. ह्यालुरॉनिक ॲसिड विरघळवणारं इंजेक्शन असतं, हायल्युरोनिडेज. त्याची बाटली ट्रॉलीवर दिसल्याशिवाय आमचे सर फिलरचं पाकीट उघडू द्यायचे नाहीत. कॅल्शियमचे फिलर्सही येतात, त्यांच्यावर हे औषध चालत नाही, म्हणून पहिल्या वेळी ते नकोच. पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा आणि त्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर आपल्या फाइलला चिकटवून घ्या. देणारा एमडी स्किनचा किंवा प्लास्टिक सर्जन असावा. शुगरचं आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर तिचंही सांगा, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ठाणेकरीण
मी केलंय, गालांना दोन्हीकडे मिळून २ सिरिंज. सुई टोचल्याचं फार नाही, जेलमध्येच बधिर करायचं औषध असतं. पण उजव्या गालावर हिरवा-पिवळा डाग बरेच दिवस होता, ऑफिसात मास्क लावून बसले. ताई, लग्नाच्या आठवड्यात अजिबात नको, निदान महिना-दीड महिना आधी उरका. साधारण ६ ते १८ महिने टिकतं म्हणतात. माझं वर्ष होत आलंय, अजून बरंच आहे. गंमत म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळे फक्त "गावाला जाऊन आलीस का?" विचारतात.

दातवाली_बाई
मी डेंटिस्ट. माझा एकच प्रश्न, डावीकडच्या वरच्या दाढा आहेत का?

अनघा_डोंबिवली
अगं बाई! नाहीत. तीन काढल्यात, कितीतरी वर्षं झाली. दिसत नाहीत म्हणून बसवल्याच नाहीत. त्याचा काय संबंध?

दातवाली_बाई
दात गेला की तिथलं हाड झिजत जातं आणि गालाचा आतला आधार कमी होतो. सगळा खळगा त्यामुळेच, असं न तपासता म्हणणार नाही, पण डावी बाजूच जास्त बसलीय म्हणालात ना. शिवाय एका बाजूने चावत असाल. दातांचं आधी दाखवा. दाढा बसवल्यावर दोन्ही गाल जुळवून बघता येतील, मग कदाचित ४ ऐवजी २ सिरिंजमध्ये भागेल.

सिस्टर_मिरज
हे मात्र मला सुचलं नव्हतं. मग क्रमही तोच ठेवा. दाताचं काम आणि फिलर यांत निदान दोन आठवडे जाऊ द्या, तोंडातले जंतू रक्तातून जेलपर्यंत पोचायला नकोत.

अनघा_डोंबिवली
गुरुवारी दातांची अपॉइंटमेंट घेतलीय. एक सांगा, इम्प्लांट डिसेंबरच्या आत होतील का, की आत्ता काढता-घालता येणारे दात करून घेऊ? आणि हो, त्या काउन्सेलरचा फोन आला होता, ऑफर रविवारपर्यंत वाढवलीय म्हणे.