मशीन जुळवायचंय, यादी बघता का? (घरचा ग्रुप)

मी: मामा, ताई, डेस्कटॉप जुळवतोय. गेम आणि कोडिंग दोन्हीसाठी. प्रोसेसर रायझन 7 9800एक्सथ्रीडी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 5060 टीआय 8 जीबी, रॅम 16 जीबी, एसएसडी 1 टीबी. पॉवर सप्लाय स्वस्तातली कुठलीही. जमेल ना?

मामा: यादी नंतर. आधी सांग, स्क्रीन कोणती?

मी: सध्या फुल एचडी. पण 27 इंची 1440पी, म्हणजे जास्त बारीक चित्राची, घेणार आहे, ठरलंय.

मामा: मग हिशेब तिथून सुरू कर. फुल एचडीत साधारण 20 लाख पिक्सेल, 1440पीमध्ये 36 लाखांच्या वर. प्रत्येक फ्रेमला एवढे पिक्सेल रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. तू सगळा पैसा प्रोसेसरवर ओतलायस. 9800एक्सथ्रीडी उत्तमच आहे, त्याच्या 96 एमबी एल3 कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा, गेममध्ये खरंच फायदा होतो. पण कार्डाकडे दम उरला असेल तरच. तुझ्या स्क्रीनवर आधी कार्डच थकणार, प्रोसेसर त्याची वाट बघत बसणार.

ताई: कोडिंगलाही त्या जादा कॅशने फारसा फरक पडत नाही. रायझन 7 7700 घे. कोर तेवढेच, 8. कूलर खोक्यातच येतो.

मामा: बरोबर. शिवाय सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तोच, एएम5. तो 2022 मध्ये आला आणि निदान 2027 पर्यंत चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय. पुढे वाटलं तर बोर्ड तोच ठेवून एक्सथ्रीडी बसव. वाचलेले पैसे कार्डात घाल. 5060 टीआय 8 आणि 16 जीबी मेमरी अशा दोन्हींत मिळतं. नाव एकच, त्यामुळे घेताना खोक्यावरचा आकडा वाच. मोठ्या टेक्स्चरचे (पृष्ठभागांवरच्या चित्रांचे) नवे गेम 8 मध्ये मावत नाहीत, मग मध्येच अडखळतात.

ताई: आणि रॅम 16 अजिबात घेऊ नकोस रे. मी वर्षभर तशा मशीनवर काम केलंय. अँड्रॉइड स्टुडिओ (अॅप बनवायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन), डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर एकदम उघडले की टाइप केलेलं अक्षर उमटायला वेळ लागायचा. एम्युलेटर बंद करायचा, बिल्ड करायचं (कोडचं अॅप बनवायचं), परत उघडायचा. दिवसातून दहा वेळा तेच. 32 घे.

मी: मग 8 जीबीच्या चार रॅम स्टिक घेऊ? चारही स्लॉट भरतील.

मामा: नको! 16 च्या दोन. रायझन 7000 ला (7700 त्यातलाच) दोन स्टिक असल्या तर 5200 चा वेग अधिकृतपणे मिळतो, चार लावल्या की 3600 वर येतो. दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, ऑन कर. नाहीतर 6000 ची रॅम घेऊनही ती मूळच्या कमी वेगावरच चालत राहते आणि कळतही नाही. घरची जुनी डीडीआर4 रॅम या बोर्डात बसणार नाही, खाच वेगळ्या जागी असते.

बाबा: पॉवर सप्लायचं काय? वॉट पुरेसे असले की झालं ना?

मामा: तिथेच मी फसलोय, म्हणून नीट लिहितो. माझी पॉवर सप्लाय बदलली तेव्हा जुन्या केबल कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या होत्या. त्या काढायचा कंटाळा केला आणि नव्या सप्लायला त्याच जोडल्या. कनेक्टर अगदी खट्ट बसला. बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरून थांबला, आणि जळका वास आला. सप्लायच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. 5 व्होल्टच्या तारेत 12 व्होल्ट गेले. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या. आजोबांचे स्कॅन केलेले फोटो त्या डिस्कवर होते.

आई: ते फोटो असे गेले होय? मला वाटलं, डिस्क जुनी झाली होती.

मामा: नाही गं, माझ्या हाताने गेले. अल्बम तुझ्याकडे होते म्हणून बरं, पुन्हा स्कॅन केले. म्हणून सांगतो, नव्या सप्लायबरोबर तिच्याच केबल. 650 वॉट पुरेत, पण परीक्षणं वाचून चांगलं मॉडेल घे. 80 प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतले भाग कसे आहेत ते नाही.

मी: लिहून घेतलं. 7700, 5060 टीआय 16 जीबी, 16 च्या दोन स्टिक, 650 वॉट. एसएसडी?

ताई: एनव्हीएमई (वेगवान प्रकार) घे, साटा (जुना, हळू प्रकार) नको. साटा सेकंदाला 550 एमबीच्या आसपास अडतं. आणि 2 टीबी बघ, गेम आणि डॉकरच्या इमेज मिळून 1 टीबी लवकर भरते.

मामा: कॅबिनेट जुनंच वापरणार असशील तर आत्ताच टेप लाव. समोरच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत. ग्राफिक्स कार्डाची लांबी तिथे मावली पाहिजे.

मी: 31 सेंटीमीटर.

मामा: मग दोन पंख्यांचं कार्ड आरामात बसेल, तीन पंख्यांचं असेल तर लांबी बघून घे. जुन्या केबल सगळ्या काढून पिशवीत घाल आणि पिशवीवर सप्लायचं नाव लिही. आत्ताच.