बीएमडब्ल्यू ई६० (२००९) सनरूफची काच फुटली: नवी घ्यावी की जुनी, आणि साताऱ्यात बसवता येईल का?

अजिंक्यतारा_पायथा

गाडी बीएमडब्ल्यू ५ सिरीजच्या ई६० पिढीतली ५२०डी सेदान, २००९ ची. साताऱ्याच्या गोडोलीत उन्हात उभी असताना सनरूफची काच फुटली. दगड लागल्याची खूण कुठेच नाही. आतला सरकता पडदा बंद होता, त्यामुळे बराचसा चुरा त्याच्यावरच साठलाय, थोडा छतावर सांडलाय. काचेच्या कडेचे तुकडे अजून चौकटीला धरून आहेत.

इथला एक काचवाला म्हणतो, मापाची काच कापून देतो, नाहीतर ॲक्रिलिकची शीट बसवतो. मुंबईत कुर्ल्याला जुनी काच मिळेल असं दुसरीकडून कळलं. इन्शुरन्स फर्स्ट पार्टी आहे, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के. वळवाचे ढग रोज संध्याकाळी येतायत, तेव्हा आधी काय करू आणि पुढे काय करू, दोन्ही सांगा. शिवाय काच आपोआप फुटते कशी, हेही जाणून घ्यायचंय.

कृष्णाकाठ_४१५

सगळ्यात आधी: सनरूफच्या स्विचला हात लावू नका. रिमोटचं बटणही दाबून धरू नका. या गाडीत रिमोट दाबून धरला की काचांबरोबर सनरूफही हलतं. फ्यूजचा तक्ता बघून सनरूफचा फ्यूज काढूनच ठेवा. मोटर एकदा फिरली की दाणे रुळात शिरतात, प्लास्टिकच्या सरकत्या गुटक्यांखाली अडकतात आणि केबल वाकते. मग काचेपुरतं असलेलं काम अख्खी यंत्रणा उतरवण्यापर्यंत जातं, आणि त्यासाठी छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं.

पडदाही उघडू नका. तुमचं नशीब की तो बंद होता. मागे ढकललात तर त्याच्यावरचे सगळे दाणे मागच्या कप्प्यात जातील, आणि तिथे हात पोचत नाही.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग साफसफाई. चौकटीला चिकटलेल्या तुकड्यांवर वरून रुंद चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे ते सुटून खाली येणार नाहीत. हातमोजे आणि चष्मा घालाच.

पावसापुरतं झाकायला फ्लेक्स बॅनरचा तुकडा उत्तम. साध्या प्लास्टिकपेक्षा जाड असतो आणि फडफडून फाटत नाही. छतावर आडवा टाकून दोन्ही टोकं दारांत दाबून घ्या, पुढची कड कागदी मास्किंग टेपने चिकटवा. खाकी पार्सल टेप रंगावर लावू नका, साताऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात तिचा गोंद वितळून क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) बसतो. असं झाकून गाडी हायवेला काढू नका, वेगात छतावरची हवा फ्लेक्स वर ओढून घेते.

काच_आणि_रबर

आपोआप फुटण्याबद्दल. सनरूफची काच टफन्ड असते, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली. बाहेरचे थर दाबाखाली, आतला गाभा ताणाखाली. कड कुठे किंचित टवका उडालेली असेल तर तो ओरखडा ताणाच्या थरापर्यंत पोचेस्तोवर काही दिसत नाही, आणि पोचला की अख्खी काच एका क्षणात दाणेदार होते. हायवेला डंपरमागून आलेला खडा आज लागतो, काच काही महिन्यांनी उन्हात फुटते. दुसरं कारण निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण. तो काचेत राहून गेला असेल तर कालांतराने त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान २ ते ४ टक्के वाढतं आणि काच आतून फुटते. तिसरं, जे जुन्या गाड्यांत मी आधी तपासायला सांगेन: आधी कुणी काच काढून वाकडी बसवली असेल, एखादा स्क्रू जास्त आवळला असेल, तर चौकट काचेला पिळत राहते. चौकट उतरवल्यावर ती सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा.

आता कापून देण्याबद्दल. टफन्ड काच कापताच येत नाही, कापायला गेलं की फुटते. म्हणजे तो माणूस साधी काच कापणार. ती सपाट असेल, तुमचं छत मात्र दोन्ही दिशांनी किंचित गोलाकार आहे. शिवाय साधी काच फुटली तर सुरीसारखे लांब तुकडे डोक्यावर येतात. हे कुठल्याही परिस्थितीत नको.

ॲक्रिलिकचा हिशेब करून पाहा. ८५ सेंटिमीटर रुंद शीट सकाळी २५ अंशांवर बसवली आणि दुपारी ६५ अंशांपर्यंत तापली, तर ती साधारण २.४ मिलिमीटर वाढते. तेवढीच काच जेमतेम ०.३ मिलिमीटर वाढते. भोवतीची फट काचेच्या हिशेबाने ठेवलेली आहे. शीट छताच्या पत्र्याला अडते, फुगते, आणि रात्री आकसली की रबर सुटतं.

तुमच्या गाडीत काच आणि तिच्याखालची चौकट कारखान्यातच एकत्र ओतलेली असते. त्यामुळे नुसती काच मागू नका, चौकटीसह पूर्ण पॅनल मागा. जुन्या चौकटीवर पीयू (पॉलियुरेथेन) अ‍ॅडेसिव्हने नवी काच चिकटवून देणारे भेटतील, पण त्यात उंची मिलिमीटरने चुकली तरी आयुष्यभर शिटी वाजते.

मिरज_लाइन

पार्ट नंबर चासी नंबरवरूनच काढा. शेवटची ७ अक्षरं दिली की बीएमडब्ल्यूच्या कॅटलॉगमध्ये तुमचीच गाडी उघडते. फक्त “ई६० ची काच” म्हणून पैसे पाठवू नका, टुरिंगचं (स्टेशन वॅगनचं) पॅनोरमा छत वेगळं असतं.

जुनी काच घ्यायला हरकत नाही, मात्र व्हिडिओ कॉलवर चार गोष्टी बघा. कडेच्या काळ्या पट्ट्यावर, खास करून कोपऱ्यांत, टवका आहे का. काच आणि चौकटीच्या मधलं काळं प्लास्टिक कुठे सुटलंय का, तिथे नख जातंय का. खालचे स्क्रूचे कान सरळ आहेत का. आणि काचेवरचा शिक्का: कंपनीचं नाव, गोलातलं ई चिन्ह, ४३आर (गाडीच्या काचेच्या मानकाचा क्रमांक). टवका असलेली काच फुकट मिळाली तरी नको, वर सांगितलेलं पहिलं कारण तिच्यात आधीच बसलेलं आहे.

रबर मात्र नवीन घ्या. १५ वर्षांचं रबर दबून चपटं झालेलं असतं.

पार्सल पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सने मागवणार असाल तर काच उभी, कडेवर, लाकडी चौकटीत आणि कोपऱ्यांना थर्माकोल लावून पाठवायला सांगा. आडवी ठेवली की वर कुणीतरी पोतं टाकतंच. बॉम्बे रेस्टॉरंटच्या चौकात उतरवून घेतानाच उघडून बघा, घरी नेऊन नाही.

अजिंक्यतारा_पायथा

सगळ्यांचे आभार. फ्यूज काढला, फ्लेक्स टाकला. क्लेम करावा की नाही? एक्सेस, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम, किती बसतो?

हप्ता_आणि_हिशेब

१५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचा एक्सेस २,००० रुपये. पॉलिसीत ऐच्छिक एक्सेस घेतला असेल तर तो वेगळा. काचेवर घसारा (जुनेपणाची वजावट) शून्य, गाडी कितीही जुनी असो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के. पॅनलच्या बिलात रबर वेगळं दाखवलं असेल तर तेवढ्यावरच घसारा लागतो, म्हणून बिल नीट वेगवेगळ्या ओळींत करून घ्या.

खरा खर्च बोनसचा. समजा बोनस वजा करण्याआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १८,००० आहे आणि तो तसाच राहिला. आज तुम्हाला ९,००० सूट मिळते. क्लेम केल्यावर पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वेळी परत ५० टक्के. म्हणजे जादा भरणा ९,००० + ५,४०० + ४,५०० + २,७०० + ९०० = २२,५००. यात २,००० एक्सेस आणि रबराचा निम्मा खर्च मिळवा. जुनी काच मजुरीसह याच्या आत बसत असेल तर क्लेम करू नका. कंपनीची नवी काच याच्या बरीच वर जात असेल तर जरूर करा. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर हे गणितच लागू नाही, आधी पॉलिसीचं पान बघा. क्लेम करायचा ठरला तर सर्व्हेअर येईपर्यंत चौकट उतरवू नका.

कृष्णाकाठ_४१५

आता बसवण्याचं. काच बदलणं तासाभराचं काम, साफसफाई अर्ध्या दिवसाची. फिटर उलटं करत असेल तर त्याला थांबवा.

पुढच्या दोन कोपऱ्यांत पाणी जायची भोकं आहेत. व्हॅक्यूम लावण्याआधी त्यांत कापडाची चिंधी घट्ट बसवा. एक दाणा नळीत गेला की तो वळणावर अडकतो आणि पुढच्या पावसात त्याच्यामागे माती साठते. कॉम्प्रेसरची हवा रुळात अजिबात मारू नका. दाणे मागे उडतात, आणि मागच्या नळ्यांची तोंडं छताखाली लपलेली असल्याने तिथे तुम्हाला चिंधी लावता येत नाही.

पडद्यावरचा चुरा बंद स्थितीतच ओढून घ्या. मग रूळ. जुन्या ग्रीसमध्ये बारीक चुरा रुतून बसलेला असतो, तो व्हॅक्यूमने येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं कापड पातळ पट्टीला गुंडाळून रूळ पुसत जा, कापड पांढरं निघेपर्यंत. पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. एवढं झाल्यावरच पडदा हाताने मागे सरकवा. आता दोन्ही बाजूंच्या झाकणपट्ट्या दिसतील. त्या मागे सरकवल्या की टी-२५ टॉर्क्सचे स्क्रू. स्टारचा बिट नीट रुतवून सोडवा, साध्या पान्याने डोकी झिजतात. चौकट वरून, दोघांनी उचलायची.

गुटके आणि उचलणारे दांडे तपासा. डावा आणि उजवा दांडा एकाच जागी आहेत ना, हे पट्टीने मोजा. मागेपुढे असतील तर मोटर काढून दोन्ही शून्याच्या खुणेवर आणावे लागतील, नाहीतर नवी काच तिरकी ओढली जाऊन तीही फुटेल. रुळांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. चाकांचं पिवळं ग्रीस नको, त्यात धूळ बसून लगदा होतो. रबरावर मखमलीसारखा थर असेल तर त्याला ग्रीस लावूच नका.

काच ठेवा, स्क्रू सैल लावा, आणि उंची जुळवा: पुढची कड छताशी समतल किंवा जास्तीत जास्त १ मिलिमीटर खाली, मागची कड समतल किंवा जास्तीत जास्त १ मिलिमीटर वर. पुढची वर राहिली तर वाऱ्यात शिटी, मागची खाली राहिली तर घुमणारा आवाज आणि पाणी. फट तपासायला व्हिजिटिंग कार्ड चारही बाजूंनी ओढून बघा, सगळीकडे सारखंच अडलं पाहिजे. स्क्रू तिरपे, आळीपाळीने, मनगटाच्या जोरावर आवळा. फ्यूज परत लावून तीनदा उघडझाप करा आणि परत मोजा.

समोरच्या काचेखाली एसीची जाळी असते, तिच्यात चुरा पडलेला असतो. तिथे व्हॅक्यूम फिरवा आणि पहिल्यांदा ब्लोअर लावताना दारं उघडी ठेवून सगळ्यांनी बाहेर उभं राहा. नाहीतर तो चुरा थेट डोळ्यांत येतो.

अजिंक्यतारा_पायथा

पॅनल आणि रबर आलं, बसवलं, उंची जुळली. फिटर म्हणतो भोवतीने सिलिकॉन सीलंट मारून टाकू, म्हणजे पावसाची काळजीच मिटली. मारू का? आणि दुसरं, काच पूर्ण बंद होते आणि लगेच थोडी मागे येते.

काच_आणि_रबर

सीलंट नको. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवायला नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाली पन्हळ आणि चार नळ्या दिलेल्या आहेत. पुढच्या दोन पुढच्या खांबांतून खाली जातात, मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या बाजूला. साताऱ्यात गाडी कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहते, तो फुलोरा आणि धूळ मिळून नळीत बूच होतं. मग पाणी पुढच्या गालिच्याखालच्या फोममध्ये किंवा डिकीत उजवीकडे बॅटरीपाशी जातं, आणि लोक काचेला दोष देतात.

चिंध्या काढल्या ना? मग गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने गोल करा, हलक्या हाताने पुढच्या नळ्यांतून घाला. अडली तर फिरवा, ढोसू नका, नळी तोंडावरून निसटते आणि पाणी छताच्या अस्तरात उतरतं. मग प्रत्येक पुढच्या कोपऱ्यात फुलपात्रभर पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत गाडीखाली धार दिसली पाहिजे. थेंबथेंब आलं तर नळी अजून तुंबलेली आहे. मागच्या नळ्यांसाठी गाडीचं नाक किंचित चढावर ठेवून ओता, म्हणजे पाणी मागे जाईल.

मिरज_लाइन

काच मागे येते त्याचं कारण: मोटरला नव्या पॅनलची हद्द माहीत नाही. जरा जास्त अडथळा लागला की बोट अडकलंय असं समजून ती उलटी फिरते. इंजिन चालू ठेवा, काच बंद स्थितीत असू द्या. स्विच वर उचलण्याच्या दिशेने दाबून धरा आणि सोडू नका. काच मागून उचलली जाईल आणि साधारण २० सेकंद काहीच होणार नाही. नेमकं इथेच माणूस बोट काढतो. तसंच धरून ठेवा. मग ती स्वतः बंद होईल, पूर्ण उघडेल, परत बंद होईल. पूर्ण थांबली की स्विच सोडा. मध्ये सुटलं तर पहिल्यापासून.

हे करूनही मागे येत असेल तर एका बाजूचं रबर दुमडलेलं आहे. कार्ड परत फिरवा, जिथे जास्त अडेल तिथलं रबर साबणाच्या पाण्याने बसतं करा आणि पुन्हा २० सेकंद धरा.

अजिंक्यतारा_पायथा

रबर डावीकडे मागच्या कोपऱ्यात दुमडलेलं होतं. सरळ केलं, स्विच धरून ठेवला, आता काच बंद राहते. उजवी पुढची नळी तुंबलेली निघाली, दोरीबरोबर मातीचा गोळा आला. चारही धारा खाली दिसल्या. सीलंट मारलं नाही.