मदत हवी आहे: नाताळची चांदणी पीळ खातेय, रविवारपर्यंत टांगायची आहे

वसईकरीण
थेट विचारते. चांदणी दोनदा बांधली, दोनदा सोडली. बांबूच्या कामट्यांचे दोन्ही सांगाडे एकमेकांवर बांधून मधे काड्या घातल्या की एक टोक वर जातं, एक खाली, आणि सगळा प्रकार वाळत घातलेल्या सुक्या बोंबलासारखा दिसतो. काय चुकतंय? आज १७ तारीख आहे. लवकर सांगा.

बुरूडआळी
किती मोठी? कामट्या ओल्या की वाळक्या? कशाने बांधल्या? कागद लावून झालाय का? ताई, फोटो तरी टाका.

दादरकर७१
अहो एवढा खटाटोप कशाला? क्रॉफर्ड मार्केटात घडीच्या चांदण्या मिळतात. उघडली, टांगली. नाताळ झाला की घडी घालून माळ्यावर.

वसईकरीण
विकतची नकोच आहे. घरात ४०० रुपयांत सगळं बसवायचं ठरलंय, चांदणी आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा दोन्ही. त्यातले १२० कामट्यांत गेले. शिवाय आमच्याकडे चांदणी दरवर्षी सासरे बांधतात. यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. खुर्चीत बसून सांगतात, पण सांगतात काय, तर "नजरेनं बघून बांधायची". माझी नजर तशी नाही.
कामट्या वाळक्या, २ फुटी, दहा. दोरा सुती. कागद अजून लावला नाही.

न्यूजर्सीची_मावशी
आम्ही इकडे मुलांबरोबर पांढऱ्या कागदाची बर्फफुलं कापतो. कागद सहा घड्यांत दुमडायचा. खिडकीला फार गोड दिसतात आणि खर्च शून्य!

वसईकरीण
मावशी, छान आहे, पण माझा प्रश्न चांदणीचा आहे.

बुरूडआळी
वाळक्या कामट्या रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर बांधताना चिरतात. आता खरं सांगा, कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या खुणा कुठे केल्या?

वसईकरीण
पट्टीने. प्रत्येक कामटीचे तीन सारखे भाग. २० सें.मी., २० सें.मी., २० सें.मी.

बुरूडआळी
सापडलं! चांदणीत तीन भाग सारखे नसतातच. मधला भाग लहान असतो. ६० सें.मी.च्या कामटीवर दोन्ही टोकांकडून २३ वर खूण करा, मधे १४ उरतील. तुम्ही २०-२० वर गाठ मारली की पाचवी कामटी जागेवर बसत नाही, मग तिला ओढून वाकवावं लागतं. पीळ तिथेच भरला जातो. आणि ओलांडताना प्रत्येक कामटी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून जाऊ द्या. सगळ्या वरूनच घेतल्या तर सांगाडा हातात धरवत नाही.

गणिताचा_मास्तर
बरोबर. लांबीला ०.३८२ ने गुणा, २२.९ येतात. कितीही मोठी चांदणी करा, हाच आकडा. सासरेबुवांच्या नजरेत तो बसलेला आहे, त्यांना फक्त सांगता येत नाही.

वसईकरीण
हे आधी कोणी का नाही सांगितलं! आणि मधल्या काड्या?

बुरूडआळी
आधी विचारलं कोणी? दोन्ही सांगाड्यांची बाहेरची पाच टोकं घट्ट बांधा. मग आतल्या पाच गाठींपाशी, पुढच्या आणि मागच्या सांगाड्याच्या मधे, एकेक काडी उभी करा. १२ सें.मी. पुरे. पाचही काड्या एकत्र धरून कापा. एक जरी अर्ध्या बोटाने लांब राहिली तरी समोरचं टोक रुसतं.

जुनी_खळ
कागदाला मैद्याची खळ करा, फेविकॉल नको. आमची आई त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, झुरळं कागद खात नाहीत.

दोन_मुलांची_आई
मोरचूद?? ते विष आहे हो. इथे पोरं हाताने खळ फासणार आहेत, बोटं तोंडात जातात. चांदणी पंधरा दिवस राहणार, झुरळांना काय एवढी घाई आहे?

जुनी_खळ
आम्ही त्याच खळीत वाढलो, काही झालं नाही.

दोन_मुलांची_आई
तुम्ही वाचलात म्हणून ते औषध होत नाही.

बुरूडआळी
मोरचूद नकोच. नुसती खळ घ्या, पण जाड करा, पातळ खळीने पतंगाचा कागद भिजून फाटतो. लावून वाळला की वरून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, वाळताना कागद ताणला जातो आणि सुरकुत्या जातात.

दादरकर७१
फवाऱ्याने लाल कागदाचा रंग ओघळतो. गेल्या वर्षी पुतण्याच्या नव्या सदऱ्यावर प्रयोग झालाय. आधी तुकड्यावर करून बघा. (आणि क्रॉफर्ड मार्केटचं अजूनही लक्षात ठेवा.)

अभ्यासू
गोठ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण, गवत आणि खरे बैल-गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला होता. म्हणजे मूळ कल्पनाच कमी खर्चाची होती.

वसईकरीण
आमच्याकडे गाढव पुठ्ठ्याचं आहे, एक कान गेलेलं. गोठ्याचंच विचारायचं होतं: गवतासाठी नाचणी आज पेरली तर उगवेल का?

नवरात्रवाली
उगवेल, पण बारीक, जेमतेम बोटभर. त्यापेक्षा गहू पेरा. घटाला नऊ दिवसांत केवढे येतात बघितलंय ना? रात्रभर भिजवून थाळ्यात पातळ माती घालून पेरा, दोन दिवस झाकून ठेवा. आठवड्यात चार बोटं तरी येतील. पाणी शिंपडा, ओतू नका.

वायरमन_काका
कोणी विचारलं नाही, तरी विचारतो. आत दिवा कोणता?

वसईकरीण
घरातला जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब आहे, तोच.

वायरमन_काका
अजिबात नको. त्या बल्बची काच चटका बसेल इतकी तापते आणि वर पतंगाचा कागद. २-३ वॅटचा एलईडी घाला. होल्डरचं ओझं कागदावर येऊ देऊ नका, वरच्या टोकातून वायर घेऊन कामटीलाच बांधा. मागच्या बाजूचा मधला पंचकोन उघडा ठेवा, हवा जाते आणि बल्ब बदलता येतो.

वसईकरीण
कळवते. २३ वर खुणा केल्या, सगळं सोडून पुन्हा बांधलं. पाचही टोकं सरळ! मुलीने खळ स्वतःच्या केसांनाही लावली. सासऱ्यांनी लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "खालचं डावं टोक जरा." पट्टी लावली, तिथली काडी अर्ध्या सें.मी.ने लांब निघाली. बल्ब ६० रुपयांचा आणला. गहू कालच पेरलेत, रुमाल उचलून बघू नको असं पोरांना दर तासाला सांगतेय.

न्यूजर्सीची_मावशी
कामट्या इकडे कुठे मिळतील का कोणाला माहीत आहे?