फियाट तवंदी घाटात बंद पडायलीय, रविवारच्या आत उपाय पाहिजे

अनगोळचा_फियाटवाला
नमस्कार मंडळी. फियाट घाटात बंद पडते. बेळगावात काही त्रास नाही, शहापूर, वडगाव, कॅम्प, कितीही फिरवा. निपाणीकडे हायवेला काढली की तवंदी घाटात आधी पिकअप जातो, मग दोन-चार झटके, मग बंद. सेल्फ मारून बॅटरी बसायची वेळ येते पण उठत नाही. अर्धा तास चहा पिऊन आलं की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही. कार्बोरेटर साफ करून घेतलाय, प्लग नवीन, फिल्टर नवीन. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवूया. रविवारी चुलतभावाचं लग्न आहे कोल्हापूरला, नवरदेव याच गाडीतून उतरणार असं सगळ्यांना सांगून बसलोय. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा. ‘विकून टाका’ असले सल्ले नकोत.

हँडगिअर
मॉडेल कुठलं, साल कुठलं, पेट्रोल का डिझेल? डुक्कर फियाटपासून एस वनपर्यंत सगळ्यांनाच आपल्याकडे फियाट म्हणतात. गिअर स्टेअरिंगला आहे का खाली?

निपाणीचा_धूर
मॉडेल कशाला पाहिजे ओ, सरळ सरळ व्हेपर लॉक आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला. घाटात इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. ओला फडका पंपावर टाका, वर बाटलीतलं पाणी सोडत राहा. आमच्या वडिलांनी उभं आयुष्य अशीच गाडी चालवली, आंबोली काय, फोंडा काय. डिकीत फडका आणि पाण्याचा कॅन कायम.

ऊसवाला_चिक्कोडी
फडक्याचे दिवस गेले. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी ओढून घेतं, जुने रबरी पाईप आणि पंपाचा डायफ्राम म्हणजे आतला रबरी पडदा फुगवून सैल करतं. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ताकद कमी, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, गाडी भुकेली चालणार. गंमत बघा, ऊस आमच्याच रानातला, आणि त्याचाच रस आमच्या गाडीचे पाईप खायलाय. खात्री करायची तर मापाच्या काचेच्या नळीत पेट्रोल घ्या, थोडं पाणी घाला, हलवा आणि ठेवा. खालचं पाणी वाढलेलं दिसलं की तेवढं इथेनॉल.

अनगोळचा_फियाटवाला
९२ ची पद्मिनी, पेट्रोल, हँड गिअर. एवढं तर कळायला पाहिजे होतं. फडका टाकून झाला, काही उपयोग नाही. इथेनॉल किती आहे हे कळून रविवारी काय करू? पंपावर दुसरं काही मिळतच नाही.

आरसी_काका
गाडीचा नंबर कर्नाटकचा का एमएच-०९? कोल्हापूरची गाडी असेल तर एनओसी आणून बेळगावचं केए-२२ केलं का? दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो. शिवाय ९२ ची म्हणजे आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० रुपये झालेत. लग्नाच्या दिवशी कागलच्या अलीकडे अडवलं तर नवरदेवाला पायी जावं लागेल.

हँडगिअर
काका, गाडी बंद पडते हा प्रश्न आहे. आणि फी पाच हजार आहे, दहा नाही.

आरसी_काका
पाच हजार पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीला. नीट वाचा. माझ्याकडे पावती आहे.

लेथ_उद्यमबाग
पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बेकेलाईटची जाड चकती येते, ती जागेवर आहे का बघा. बऱ्याच मिस्त्री लोकांनी ती फेकून नुसतं पॅकिंग लावलेलं असतं, मग इंजिनची सगळी उष्णता पंपात. उद्यमबागेत कुठल्याही लेथवर करून मिळेल, पण जाडी मूळचीच ठेवायची. जास्त जाड केली तर पंपाची दांडी कॅमपर्यंत पोचत नाही आणि पेट्रोलच येत नाही. हे मी गिऱ्हाइकांना सांगून दमलो.

गॅसकिट
एवढी कटकट कशाला? एलपीजी किट बसवा, पंप नाही, कार्बोरेटरची भानगड नाही. नाहीतर मारुतीचं इंजिन टाका. ओळखीत एकाने टाकलंय, मस्त पळते.

आरसी_काका
इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. किटची नोंदही आरसीवर पाहिजे. उगाच लोकांना खड्ड्यात घालू नका.

हँडगिअर
पद्मिनीत मारुतीचं इंजिन घालायचं तर मग पद्मिनी कशाला ठेवायची? तो १०८९ सीसीचा आवाज हीच तर गाडी आहे. ११८ एनई तरी घ्या, त्यात कंपनीनेच निस्सानचं इंजिन दिलेलं.

निपाणीचा_धूर
११८ एनईचे पार्ट शोधून दाखवा आधी.

हँडगिअर
पद्मिनीचे तुम्ही पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातून आणता, ते चालतं?

तवंदीखालचा
मी घाटाच्या खालीच राहतो म्हणून विचारतो. बेळगावहून निपाणीला येताना तवंदी मोठा उतार आहे. चढ लागतो तो निपाणीकडून वर जाताना. गाडी जाताना बंद पडते का येताना? उताराला गाडी गरम कशी होईल? आमच्याकडे रोज ट्रक ब्रेक तापून उभे असतात, इंजिन तापून नाही.

अनगोळचा_फियाटवाला
जाताना. संकेश्वर मागे टाकलं की थोड्या वेळात. टेंपरेचरचा काटा मधोमध असतो. येतानाही झालं होतं, पण ते हत्तरगीच्या जवळपास, घाट मागे टाकल्यावर.

निपाणीचा_धूर
मग घाट घाट कशाला लिहिलंय?

अनगोळचा_फियाटवाला
घाटातच बंद पडते म्हणून.

जुना_फिटर_खानापूर
जरा सगळे थांबा. नोव्हेंबरात सकाळच्या गारठ्यात, उताराला, काटा मधोमध असताना व्हेपर लॉक मला पटत नाही. आधी पेट्रोल का करंट एवढं ठरवा. पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढा, प्लायरने रबराला धरून ब्लॉकपासून थोडी लांब ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी तडतडली तर करंट चांगला. पिवळी, मेल्यासारखी असेल तर कॉइल नाहीतर कंडेन्सर. कॉइल तापली की आतली तार सुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते, लक्षण अगदी तुमच्यासारखंच. करंट बघून झाल्यावर वायर जागेवर लावा, मगच पेट्रोलला हात घाला. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाईप काढून बाटलीत धरा आणि पुन्हा सेल्फ. पेट्रोल ठोक्याठोक्याला थुंकल्यासारखं आलं पाहिजे. एक थेंबही गरम सायलेन्सरच्या पाईपवर पडू देऊ नका, आणि बाजूला बिडी ओढणारा उभा नको.

ऊसवाला_चिक्कोडी
बाटलीत घेतलेलं पेट्रोल टाकू नका, त्यातच इथेनॉल बघून घ्या.

अनगोळचा_फियाटवाला
आज पहाटे संकेश्वरच्या पुढे जाऊन आलो. जोडीला भाचा होता. बंद पडली, त्याच टापूत. करंट निळा, चांगला. बाटलीत पेट्रोल नाही, नुसती फुसफुस. म्हणजे पंप गेला ना? नवीन मागवू का? शनिवारपर्यंत येईल का कुठून?

निपाणीचा_धूर
मी काय म्हणालो? वाफ.

लेथ_उद्यमबाग
चकती.

ऊसवाला_चिक्कोडी
डायफ्राम. इथेनॉल.

जुना_फिटर_खानापूर
पंप गेला असता तर गावातही चालली नसती. अर्ध्या तासाने तोच पंप पेट्रोल ओढतो म्हणजे पंप धडका आहे. टाकीचं झाकण कुठलं आहे, मूळचं का?

अनगोळचा_फियाटवाला
झाकणाचा काय संबंध? किल्लीचं आहे. आधीच्या मालकाने पेट्रोल चोरीला जातं म्हणून बसवलेलं, मी घेतली तेव्हापासून तेच.

जुना_फिटर_खानापूर
संबंध असा, की पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. मूळच्या झाकणाला त्यासाठी वाट ठेवलेली असते. ही किल्लीची झाकणं कुठल्याही गाडीची कुठल्याही गाडीला मारलेली, त्यात वाट असेलच असं नाही. हवा आली नाही की टाकीत पोकळी होते, आणि पंप ओढून ओढून दमतो. गावात तुम्ही थोडं चालवता आणि थांबवता, तेवढ्यात हवा कुठून तरी शिरते. हायवेला सलग ओढलं की पन्नास-साठ किलोमीटरवर पंप हात टेकतो. चहा पिईपर्यंत पुन्हा हवा शिरते. उद्या बंद पडली की पाण्याची बाटली, फडका काही काढू नका. सरळ झाकण उघडा आणि कान द्या.

हँडगिअर
हे बरोबर वाटतंय. पण टाकीतला गंज उडून तळाची जाळी बुजली तरी असंच होतं. उभी राहिली की गाळ खाली बसतो आणि गाडी चालू. झाकणावरच अडकू नका.

जुना_फिटर_खानापूर
होतं की. पण झाकण उघडायला पैसे पडत नाहीत, टाकी उतरवायला पडतात. स्वस्तातलं आधी.

अनगोळचा_फियाटवाला
उघडलं. कुकरची शिट्टी काढावी तसा सुस्स आवाज, भाचा दचकला. झाकण परत लावलं, सेल्फ मारला, चालू. अर्धा तास नाही, अर्ध्या मिनिटात. पुढे निपाणीपर्यंत झाकण नुसतं टेकवून गेलो, एक झटका नाही. पण तसं नेलं तर वळणावर पेट्रोल बाहेर उडतं, बाजूला पट्टा पडलाय. इंजिन उतरवूया म्हणणाऱ्याला आता काय बोलू तेवढं सांगू नका, ते माझं मला कळतंय. रविवारपर्यंत झाकणाचं काय करू ते सांगा.

लेथ_उद्यमबाग
घेऊन या, एक मिलिमीटरचं छिद्र मारून देतो.

जुना_फिटर_खानापूर
मारा, पण झाकण गाडीवरून काढून, पुसून, वाळवून. आतल्या पत्र्याला मारायचं, किल्लीच्या बाजूला नाही, नाहीतर पावसाचं पाणी टाकीत. कीस आत राहू देऊ नका. आणि सोमवारनंतर मूळच्या बनावटीचं झाकण शोधा, छिद्र हे तात्पुरतं.

ऊसवाला_चिक्कोडी
छिद्रातून हवेतली ओल आत जाणार आणि इथेनॉल ती ओढून घेणार. बघा पुढच्या पावसाळ्यात.

हँडगिअर
दादा, मूळच्या झाकणातूनही हवाच जाते.

आरसी_काका
नंबर कुठला ते अजून सांगितलं नाही.

अनगोळचा_फियाटवाला
एमएच-०९. एनओसी आली आहे, फाईल आरटीओत आहे. झालं समाधान? @लेथ_उद्यमबाग, उद्या सकाळी दहाला आलो तर चालेल का? दुपारी फुलवाला येणार आहे.

लेथ_उद्यमबाग
साडेनऊला या. दहानंतर लाईट जाते.

गॅसकिट
रंग कुठला आहे गाडीचा? फेब्रुवारीत आमच्याकडे लग्न आहे, भाड्याने देता का?